तुडीलकर लढत नाही

काकांनी कुणाला शिवी दिलेली मी एकदाच ऐकली, आणि ज्याला दिली तो माणूस अस्तित्वातच नव्हता. संगणकाच्या पडद्यावर तो काळा अंगरखा घालून, पाठीला तलवार बांधून उभा होता. समोर एक म्हातारी आपली हरवलेली शेळी शोधून द्या म्हणून विनवत होती. काकांनी काही दाबायच्या आतच हा आपल्या घोगऱ्या आवाजात तिला म्हणाला, "बाजूला हो." काका खुर्चीत मागे टेकले. "मेल्या," ते म्हणाले, "तुला कुणी विचारलं?"

मी तेव्हा महाडला त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. नमुने घ्यायचे, आकडे लिहायचे, सही करायची. सात वर्षं हेच केल्यावर असा एक थकवा येतो जो झोपेनं जात नाही. तीनला पाळी सुटली की चारच्या सुमाराला घरी पोचायचे आणि जिन्यात मध्येच कठड्याला धरून उभी राहायचे. मग खालून काकांचा आवाज यायचा, "काय गो, गाडी घाटात अडकली काय?"

काका तीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर होते. थोडी वर्षं पोलादपूरला, बाकीची महाडला. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, कंट्रोलरच म्हणत. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे कर्ण्यावरून सांगणं हे त्यांचं काम, आणि निवृत्त झाल्यावरही ते काम त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. संध्याकाळी पाच-दहाला ते हातातलं काहीही थांबवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "शिवथर निघाली." हॉर्न उशिरा ऐकू आला तर त्यांचं तोंड कडू होई. काकू म्हणायच्या, "तीस वर्षं सगळ्या तालुक्याला सांगितलं, कुठली गाडी कुठं लागली. घरात बायको कुठं बसलीय ते ह्यांना अजून ठाऊक नाय."

संगणक त्यांच्या मुलाचा, कॉलेजातला जुना. मुलगा शिकून पुण्याला गेला. परदेशात बनणारे व्हिडिओ गेम विक्रीला जाण्याआधी खेळून बघायचे आणि त्यातल्या चुका शोधायच्या, असं त्याचं काम होतं. काकांना ही नोकरी पहिल्यापासून समजली. दुसऱ्यांच्या मुलांच्या नोकऱ्या त्यांना समजत नसत, ही समजली. निवृत्तीनंतर एका दुपारी त्यांनी तो संगणक सुरू केला, त्यात मुलानं ठेवलेला एक खेळ सापडला, आणि पुढची सहा वर्षं ते तो एकच खेळ खेळत राहिले.

खेळ इंग्रजीत होता. काकांचं इंग्रजी अकरावीपर्यंतचं. ते शब्दकोश मांडीवर घेऊन बसत आणि खेळातल्या माणसांची बोलणी जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर मराठीत उतरवून काढत. असा एक गठ्ठाच झाला होता, सुतळीनं बांधलेला.

माझा आणि त्या खेळाचा संबंध आला तो नदीमुळे. सावित्रीचं पाणी एकदा तळमजल्यात कमरेएवढं येऊन गेलं होतं. तेव्हापासून दर जूनमध्ये संगणक, शब्दकोश आणि तो गठ्ठा वरच्या मजल्यावर यायचा आणि गणपती झाल्यावर खाली जायचा. खोली दाखवतानाच काकांनी मला बजावलं होतं, "पावसाळ्यात अर्धी खोली तुझी, अर्धी संगणकाची. चालत असंल तर बघ." मला चाललं. घरी आल्यावर कुणीतरी बोलत असलेलं बरं वाटायचं, मग ती खेळातली माणसं का असेनात.

तो खेळ सुरू होताना विचारतो, तुझं नाव काय? काकांनी तिथं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, तुडीलकर. तुडील हे त्यांचं गाव, सावित्रीच्या काठावरचं. त्यामुळे त्या कुठल्या तरी बर्फाळ देशातला राजा, सराईवाला, भिकारी, सगळे पडद्यावरच्या अक्षरांत त्यांना तुडीलकर म्हणत. आणि तुडीलकर लढत नसे. खेळात तलवारी होत्या, पण तोंडही होतं. समजूत घालता यायची, थाप मारता यायची, पळून जाता यायचं, ओझी वाहून ओळखी काढता यायच्या. काका तो खेळ चार वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळले आणि चारही वेळा तुडीलकरानं कुणाच्या अंगाला हात लावला नाही.

लढाई करायची म्हटली तरी त्यात काही राम नव्हता. दोन माणसं समोरासमोर उभी राहून गोधड्या झटकल्यासारख्या तलवारी हलवत. सगळ्या जगानं त्यासाठी त्या खेळाला नावं ठेवली होती म्हणे. काकांचं मत उलटं होतं. "मारामारी एवढी भिकार हाय म्हणून तर माणूस बोलायला लागतो," ते म्हणत.

रविवारी सकाळी ते चवदार तळ्याला फेरी मारायला जात. कधी कधी मीही जायचे. एकदा काठावर उभं राहून ते मला खेळातली गोष्ट सांगत होते. "सुरुवातीलाच एक विहीर हाय. तिथं एक बाई पाणी भरते. आपण गेलो की विचारते, तू कुणाचा? खाली चार उत्तरं येतात. तीन उत्तरांत तिकडच्या तीन कुळांची नावं. आणि चौथं काय माहित्येय?"

"काय?"

"तहानलेला."

"मग?"

"मग काय. ती देते पाणी." त्यांनी तळ्याकडे बघितलं. "चारी वेळा मी तेच दाबलं. मला ठाऊक हाय ती देते. तरी दर वेळी दाबताना बोट थांबतं."



त्या खेळाचा दुसरा भाग आला तेव्हा मुलगा स्वतः तो घेऊन आला. जून होता, संगणक नुकताच वर आला होता. मुलगा तिशीचा, उंच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दीड वर्ष तो ह्याच खेळावर होता. तलवारीचा प्रत्येक वार प्रत्येक बाजूनं हजारदा मारून बघायचा, कुठं अडकतंय का, हात भिंतीतून आरपार जातोय का, हे त्याच्याकडे होतं.

"बाबा, ह्यातली मारामारी बघा," तो म्हणाला. "लोणी आहे लोणी."

काका चष्मा पुसून बसले. खेळ सुरू झाला. थोडा वेळ त्यांनी वाट बघितली. "नाव कुठं टाकायचं?"

"नाव नाही टाकायचं. ह्याला नाव आहे."

"आणि कुळ?"

"तो राजाचा हरवलेला मुलगा आहे, बाबा."

"मग मी कोण?"

मुलगा हसला. मग एकटाच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबला.

तीन दिवस ते दोघं ह्याच्यावर बोलत होते. मुलाचं म्हणणं सरळ होतं. लोकांनीच मागितलं, मारामारी सुधारा. ती सुधारली. म्हणून आपण कोण व्हायचं हे ठरवायची मोकळीक कमी व्हावी असं कुठं आहे? दोन्ही राहू शकतं.

"राहू शकतं," काका म्हणाले. "राह्यलंय का?"

मुलानं डोळे चोळले. मग म्हणाला, "माणसं मोजकी असतात. बहुतेक सगळी लढाईवर लावली, बोलणी लिहिणारे दोघंच उरले. त्यात ह्या वेळी नायकाला आवाज दिलाय. एकेक वाक्य नटाकडून बोलून घ्यावं लागतं. चार-चार उत्तरं कुठून आणणार?"

"त्याला आवाज दिलात, म्हणून माझा गेला."

"बाबा, मी दीड वर्ष झोपलो नाही ह्याच्यासाठी."

"तुझं काम वाईट हाय असं मी कुठं म्हटलं? वार चांगलेच बसतात. पण मला मारायचंच नाय तर मी करू काय?"

मुलानं बॅग भरली. काका त्याला सोडायला स्टँडवर गेले आणि परत आल्यावर एवढंच म्हणाले, "पुणे वेळेवर सुटली." काकूंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "पोरगं रडवेलं होऊन गेलं गो. एका खेळापायी."

पोरगं गेल्यावर मात्र काका तो दुसरा भाग हट्टानं खेळायला लागले. मुलानं केलंय ते पुरतं बघायचं, असं बहुतेक त्यांनी ठरवलं होतं. अडचण ही, की लढल्याशिवाय पुढची वाट उघडत नसे, आणि काकांच्या बोटांना कंप होता. वार चुकवायला डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कळ दाबावी लागे. ते तेवढ्यात कळ शोधत असत. एका दुपारी मी डबा धुऊन खोलीत आले तर ते खुर्ची सरकवून बाजूला बसले होते. "ह्यो एवढा लांडगा मारून दे," ते म्हणाले. "मी तिकडं बघतो." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून बसले.

खरं सांगायचं तर मला ते आवडलं. दिवसभर ज्या हातांनी मी सह्या करत होते त्याच हातांनी मी एक लांडगा लोळवला, मग तीन दरोडेखोर. वार बसला की मनगटापर्यंत काहीतरी पोचायचं. पंधरा दिवसांत मी रोज चारची वाट बघायला लागले. मी काकांना म्हटलंही, "तुम्ही म्हणता ह्यात माणूस उरला नाही. पण मारायचं कसं हेही ज्याचं त्याचंच की."

ते नाही म्हणाले नाहीत. तोवर ते भिंतीकडे बघायचे थांबून माझ्याकडे बघायला लागले होते. "हे खरं," थोड्या वेळानं म्हणाले. "तू लई वेळ मार खातेस. ढाल धरून मागं मागं जातेस. मग कोपऱ्यात पाठ लागली की एकदम सुटतेस, आणि मग थांबत नाय. कंपनीतपण असंच करशील तू."

मी हसले. पुढच्या मार्चमध्ये एका सकाळी, साहेबांनी न तपासलेल्या नमुन्याच्या कागदावर सही मागितली, तेव्हा मी पेन टेबलावर ठेवलं आणि राजीनामा लिहायलाच बसले. तो पाचवा की सहावा तसला कागद होता. आधीच्या सगळ्यांवर मी सह्या केल्या होत्या.

पण ते नंतरचं. त्या ऑगस्टमध्ये काकांना पूल सापडला.

खेळात एका दरीवर लाकडी पूल आहे आणि त्यावर तीन शिपाई. मी कामावर होते. काका एकटेच बसले होते आणि माझी वाट बघण्यापेक्षा म्हणून त्यांनी एक कळ दाबली, तलवार म्यानात घालायची. ती दाबून ते नुसते उभे राहिले. शिपायांनी मारलं. पुन्हा गेले, पुन्हा उभे राहिले. असं किती वेळा केलं कोण जाणे, कॅलेंडरच्या पानावर नुसत्या रेघाच रेघा होत्या. मी आले तेव्हा ते जिन्याच्या तोंडाशीच उभे होते.

"लवकर ये. बघ."

त्यांनी करून दाखवलं. नायक कठड्याला पाठ लावून उभा. तलवार म्यानात. पहिला वार बसला, दुसरा बसला, तिसरा बसला. आणि मग तिघं शिपाई थांबले. हात खाली गेले. एकेक जण वळला आणि आपापल्या जागी निघून गेला. पूल मोकळा झाला. पडद्यावर काही अक्षरं आली नाहीत, कुणी काही बोललं नाही. काका हळूहळू नायकाला पुलावरून पलीकडे नेत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पोरानं ठेवलंय," ते म्हणाले. "मला बोलला नाय. मी शोधीन हे त्याला ठाऊक."

मग ते ही युक्ती जिथं तिथं लावून बघू लागले. पाठीला भिंत पाहिजे, तीन वार सोसले पाहिजेत, मध्ये ढाल उचलायची नाही. सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी चालायचं. माझं लढणं बंद झालं. काका स्टँडवर जाऊन जुन्या सोबत्यांना सांगून आले. त्यांना कुणालाच काही कळलं नाही, पण मुलाचं काहीतरी मोठं झालं एवढं कळलं आणि त्यांनी चहा मागवला.

मी मुलाला फोन केला. आनंदाची बातमी म्हणूनच केला. त्यानं मोबाइलवर चित्रण मागवून घेतलं, बघितलं आणि परत फोन केला.

"ताई, हे मी ठेवलेलं नाही. ही चूक आहे," तो म्हणाला. "वारांची मोजणी मध्येच अडकते. मग समोरच्यांना कुणाला मारायचं हेच आठवत नाही. ते बाबांना सोडून देत नाहीत हो. विसरतात."

"मग?"

"हा भाग माझ्याकडे होता. मी हजार तऱ्हेनं लढून बघितलं. नुसतं उभं राहून कधी बघितलं नाही. कोण उभं राहील? नोंदवलं की पुढच्या दुरुस्तीत जाईल. आणि हे सुटलं कुणाकडून ते निघेल. बाबांना काही बोलू नका, ताई. राहू दे. बघतो मी."

आठ दिवस मी ते पोटात ठेवलं. नवव्या दिवशी काका वही-पेन घेऊन वर आले. मुलाच्या कंपनीच्या साहेबाला पत्र पाठवायचं होतं. ते मराठीत सांगणार, मी इंग्रजीत करून संगणकावरून पाठवायचं. ते उभे राहिले आणि कर्ण्यासमोर उभं राहिल्यासारखे सावकाश सांगू लागले. "आपल्या येथे कामास असलेल्या माझ्या चिरंजीवांनी, पुलावरील तीन शिपायांबाबत जी सोय करून ठेवली आहे..."

मी पेन खाली ठेवलं. "काका, हे पत्र नको."

"का?"

मी सांगितलं. सगळं, तो विसरण्याचा भागही. मग त्यांनी माझाच मोबाइल मागितला, मुलाला लावला आणि टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"ती पुलावरची चूक हाय?"

"हो, बाबा."

"तू नोंद केलीस?"

"नाही अजून."

"का?"

"तुम्हाला आवडलंय ना."

काकांनी कपाळावरून हात फिरवला. "माझा मेव्हणा, तुझा मामा, डायवर होता. त्याची गाडी एकदा पंचवीस मिनिटं उशिरा आली. लई हातापाया पडला. मी वहीत पंचवीसच लिवली. वर्षभर बोलत नव्हता तो माझ्याशी. ही चूक दुसऱ्याच्या पोराची असती तर मी लिवलीच असती ना?"

"बाबा, माझ्यावर येईल हे."

"येऊ दे. नोंद कर."

"बरं."

मला वाटलं, आता ठेवतील. पण ते मोबाइलवर वाकले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "माझ्यासाठी नव्हतंस ना रे ठेवलं?"

पुण्यात राहून शुद्ध बोलायला लागलेला तो मुलगा म्हणाला, "नाय, बाबा."

"बरं बरं. जेवलास काय?"

दुरुस्ती गणपतीच्या आधी आली. मुलाला साहेबाची बोलणी बसली, पण नोकरी राहिली. नोंद त्यानं स्वतः केली म्हणून राहिली, असं तो म्हणाला. काकांनी खेळ सुरू केला, पुलावर गेले, पाठ कठड्याला लावली, तलवार म्यानात घातली. एक वार, दोन, तीन. चौथ्या वाराला नायक खाली कोसळला. त्यांनी पुन्हा एकदा करून बघितलं. पुन्हा कोसळला. "आता बरोबर चालतंय," ते म्हणाले आणि उठून खाली गेले.

त्यानंतर दोन महिने संगणकावर टॉवेल टाकलेला होता. गणपती झाले तरी ते तो खाली न्यायचं बोलेनात. मी विचारलं, तुमचा पहिला खेळ तर आहे? "हाय की," म्हणाले, आणि काकूंनी सांगितलेली नारळाची करवंटी शोधायला गेले.

दिवाळीच्या सुमाराला मुलाचा फोन आला. यायला जमत नव्हतं, नवं काम लागलं होतं. बोलता बोलता तो म्हणाला की त्या खेळाच्या शेवटी, सगळं संपल्यावर, काम केलेल्या सगळ्या माणसांची नावं येतात. त्याचंही आहे.

दुसऱ्या दिवशी काकांनी टॉवेल काढला. "संपवून टाक गो," ते मला म्हणाले. "मी बघत बसतो."

तीन आठवडे लागले. शेवटी राजाच्या दरबारात एक मोठी लढाई होती. ती एका रविवारी दुपारी मी जिंकले. पडदा काळा झाला आणि नावं खालून वर सरकायला लागली. काका पडद्याजवळ खुर्ची घेऊन बसले, चष्मा लावून, काचेवर बोट ठेवून. कुठल्या कुठल्या देशांतली नावं होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काकू पदराला हात पुसत येऊन मागे उभ्या राहिल्या. आणि तीन रांगांच्या एका दाट यादीत, मधल्या रांगेत, ते नाव आलं. मला दिसलं. काकांचं बोट तिथं पोचेपर्यंत ते वर निघून गेलं होतं.

"आलं होतं," मी म्हटलं.

"मला नाय दिसलं." ते माझ्याकडे वळले. "मागं घेता येतं काय?"

"नाही. शेवटची लढाई परत जिंकावी लागेल."

ती यादी मोबाइलवर शोधली असती तर सापडली असती, हे मला माहीत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "सरक जरा."

मी उठले. ते माझ्या खुर्चीत बसले, कापरं बोट कळांवर ठेवलं आणि मला विचारलं, "तलवार काढायची कुठली?"

मी दाखवली. पहिल्या फटक्यालाच ते मेले. दुसऱ्यांदाही मेले. तिसऱ्यांदा त्यांनी एक वार मारला, तो बसला, आणि ते दचकून माझ्याकडे बघायला लागले, तेवढ्यात मेले. एव्हाना खाली गेलेल्या काकूंनी चहा झाल्याची हाक दिली.

"थांब गो," काका पडद्यावरची नजर न काढता ओरडले. "जरा मारतोय."